न नेलेल्या कपड्यांची दांडी

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं तुम्हाला वाटतं. ही भर दुपारची आहे.

नातवाच्या फोनवर तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी मी वाचते. बऱ्याचशा थापा असतात, ते मला कळतं. चौथीपुढे शाळा बघितली नाही, पण थाप ओळखायला शाळा लागत नाही. म्हणून आधीच सांगते, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरात हे घडलं. तिने मला तोंडाने सांगितलं, आणि थोडं माझ्याही वाट्याला आलं. ते शेवटी सांगते.

वार मंगळवार. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

धाकटीची लाँड्री आहे. खाली लाँड्री, वर घर. पुढे काउंटर, मागे धुण्याची मोठी खोली. हॉटेलच्या चादरी, दवाखान्याचे कोट, लोकांचे शर्ट. नवरा लवकर गेला तेव्हापासून हा पसारा तिने एकटीने ओढला. अख्खी गल्ली तिला ‘कडक बाई’ म्हणते. काही म्हणतात खळ कडक करते म्हणून. काही म्हणतात जिभेमुळे.

तिच्याकडे एक म्हातारा इस्त्रीवाला आहे. इस्त्रीकाका. वीस वर्षं तिथेच उभा. तो तोंडावर म्हणायचा, “बाई, तुमची जीभ फिरवली कपड्यावरून तर माझी इस्त्री लागायची नाही. वीज वाचेल.”

ती म्हणायची, “तुमच्या तोंडाची वाफ वापरली तर पाणीही वाचेल. हात चालवा.”

असं चालायचं. हसतखेळत.

तिचा मुलगा एकच. चौतीस वर्षांचा. धुणं, पिळणं, घड्या, सगळं त्याच्या हातात. शर्टाची घडी घालताना तो डावी बाही आधी मुडपायचा आणि वरचं बटण लावूनच ठेवायचा. घडी बघितली की कळायचं, ही त्याची. त्याची बायको काउंटर सांभाळायची. सहा वर्षांची मुलगी, तिला सगळे ‘बटण’ म्हणतात. कपड्यांतून गळलेली बटणं वेचून ती पत्र्याच्या डब्यात जमवते, म्हणून.

आणि एक होता भोपळा.

भोपळा म्हणजे कपडे पिळायचं मशीन. गोल, मोठ्या पोटाचं, जुनं. चादरी आत टाकायच्या, झाकण लावायचं, ते घरघर फिरून पाणी काढतं. हा भोपळा करंट मारायचा. ओल्या हाताने शिवलं की झिणझिणी. सगळ्यांना माहीत. त्याच्यासमोर रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असायचा. चपला घालूनच हात लावायचा, हा त्या घरचा नियम. वायरमन बोलवायचा सोडून नियम केला होता. आता हसू नका. तुमच्या घरातही अशी एक वस्तू असेल.

त्या मंगळवारी लाँड्री जेवणासाठी बंद होती. दोन ते चार बंद असते. सून बटणाला शाळेतून आणायला गेली होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगा भोपळ्याजवळ पडला.

अनवाणी होता. फरशी ओली होती.

धाकटीने लाकडी काठीने प्लग पाडला. समोरचा डॉक्टर धावत आला. त्याने मुलाचा शर्ट काढला, छातीवर दाब दिला. दिला… दिला… आणि मग थांबला.

चार माणसांनी त्याला उचलून गाडीत नेलं. धाकटी मागे राहिली, कुलूप लावायला. दोन मिनिटं.

शर्ट तिथेच फरशीवर पडला होता. निळा. भिजलेला, मळलेला, डॉक्टरच्या बुटाचा ठसा उमटलेला.

तिने तो उचलला… आणि साबणात टाकला.

का, ते तिला आजही सांगता येत नाही. चाळीस वर्षं तेच करतात ते हात. खाली पडलेला मळका कपडा दिसला की हात पुढे जातात. मुलगा गाडीत, आणि ही इथे त्याची कॉलर घासतेय. घासली, खळबळली, पिळली. मग भानावर आली. तेव्हा तिच्या हातात एक स्वच्छ शर्ट होता. त्याच्या अंगाचा वास गेलेला.

तिला स्वतःचीच शिसारी आली. तो घरात ठेवायची हिंमत होईना. घरच्या कपड्यांना कॉलरच्या आत लाल दोऱ्याची गाठ असते, ती त्यालाही होती. तरी तिने त्यावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी टाचली. मागच्या खोलीत एक दांडी आहे, न नेलेल्या कपड्यांची. लोक टाकून जातात, न्यायला येत नाहीत, ते वर्षभर तिथे लटकतात. त्या दांडीच्या टोकाला तो शर्ट अडकवला. आणि कुलूप लावलं.

सुनेला सांगितलं, “चक्कर आली, पडला. हार्ट.”

दवाखान्याचा कागद चादरींच्या खाली गेला. इस्त्रीकाकाला एक नजर दिली. तो गप्प बसला.

आणि बटणाला सांगितलं, “पप्पा बाहेरगावी गेलेत. मोठ्या लाँड्रीत काम मिळालंय.”

हे शेवटचं माझं डोकं.

खोटं कशाला बोलू. धाकटी मला म्हणाली होती, “ताई, पोरीला काय सांगू?” मी म्हणाले, “काही सांगू नकोस. चार दिवस माझ्याकडे पाठव. घरात विषय काढू नका, फोटो लावू नका. पोर लहान आहे, महिन्याभरात विसरेल. बोललं नाही की दुखणं वाळून जातं. मला अनुभव आहे.”

सून तिथेच भिंतीला टेकून बसली होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फक्त एवढंच विचारलं, “त्यांचा शर्ट कुठंय? निळा. सकाळी मीच काढून दिला होता.”

धाकटी म्हणाली, “दवाखान्यात राहिला.”

वीस-बावीस दिवस गेले. लाँड्री पुन्हा सुरू झाली. गल्लीतलं कोणी विचारायला आलं की धाकटी म्हणायची, “कपडे टाकायचेत का? नाही? मग काउंटर अडवू नका.” लोक विचारायचे थांबले.

वायरमन बोलावला नाही. बोलावला असता तर गल्लीला कळलं असतं, कशाने गेला ते. भोपळा ती एकटीच चालवायची. हातमोजे घालून, फळीवर उभं राहून. दुसऱ्या कोणाला शिवू द्यायची नाही.

मग सुरू झालं.

तेविसावा दिवस. दुपार. लाँड्री बंद. सून वर पडली होती. बटण तिच्या कुशीत; त्या मंगळवारपासून तिची शाळा बंदच होती. इस्त्रीकाका जेवायला घरी गेलेला. धाकटी काउंटरमागे खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

आधी आवाज गेले.

शेजारच्या दुकानातला रेडिओ… गेला. रस्त्यावरच्या गाड्या… गेल्या. वरचा पंखा फिरत होता, पण त्याची कुरकुर नव्हती. कोणी कानात कापूस घालावा तसं.

आणि मग मागच्या खोलीतून…

टप.

टप.

टप.

तिला वाटलं नळ. उठून मागे गेली. नळ कोरडा होता.

न नेलेल्या कपड्यांच्या दांडीवर एकोणीस कपडे होते. अठरा कोरडे, धूळ बसलेले. टोकाचा निळा शर्ट भिजला होता. नुकताच पाण्यातून काढल्यासारखा. खाली फरशीवर थारोळं.

तिने घड्याळ बघितलं.

तीन वाजून दहा मिनिटं.

तिने शर्ट पिळला, वाळवला, इस्त्री केली, परत अडकवला. करताना दिसलं, वरचं बटण नाही. आता, माझ्या बहिणीला तुम्ही काहीही म्हणा, पण तिच्या हातून धुतलेल्या कपड्याचं बटण कधी तुटलेलं नाही. दोरा उसवला नव्हता, फाटलं नव्हतं. बटण तेवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज गेले. पुन्हा टप… टप. शर्ट ओला. दुसरं बटण गेलं.

तिसऱ्या दिवशी तिने मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

कुलपाच्या आतून भोपळा सुरू झाला.

घर्र… घर्र… घर्र…

प्लग तिने स्वतः काढला होता. वायर गुंडाळून खिळ्यावर टांगली होती. दार उघडलं तेव्हा भोपळा थांबला. वायर खिळ्यावरच होती. शर्ट ओला. आणि कोपऱ्यात तिने लाथेने सरकवून ठेवलेल्या रबरी चपला…

भोपळ्याच्या समोर होत्या. नीट जोडीने. कोणीतरी घालावं म्हणून ठेवल्यासारख्या.

ती घाबरली का? ती म्हणते, घाबरले असते तर बरं झालं असतं. तिला लाज वाटली. आपण चोरून काहीतरी करतोय आणि कोणी मागे उभं राहून बघतंय, तसं. मान वर करवेना.

त्या संध्याकाळी इस्त्रीकाकाने घड्या घातलेल्या शर्टांचा ढीग काउंटरवर आणून ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

“बाई, या घड्या मी घातलेल्या नाहीत.”

“मग काय मी घातल्या?”

“मी उजवी बाही आधी घेतो. वीस वर्षं. या सगळ्या डाव्या आहेत. आणि प्रत्येकाचं वरचं बटण लावलेलं.”

“वय झालंय तुमचं. डावं-उजवं कळेनासं झालंय.”

म्हातारा हसला नाही. हळूच म्हणाला, “बाई, मी त्या दिवशी सकाळी इथेच होतो. तुम्ही त्याला काय म्हणालात ते मी ऐकलंय. मी कोणाला बोललो नाही. पण तो ऐकून गेलाय ना.”

धाकटी त्याला काहीतरी लागेल असं बोलणार होती. तिच्या तोंडात शब्दच आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या सकाळी ती काय म्हणाली होती, ते पुढे येईल.

पाचव्या दिवशी ती वर गेली तर बटण जमिनीवर डबा पालथा करून बसली होती. सगळी रंगीबेरंगी बटणं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एका ओळीत पाच. निळी, चार भोकांची. सारखी.

धाकटी तिच्याजवळ खाली बसली.

“ही कुठली गं?”

“पप्पांची.”

“कोणी दिली?”

“पप्पांनी.”

“कधी?”

“दुपारी. तू खुर्चीत झोपतेस तेव्हा मी खाली येते. आई उठत नाही, ती भिंतीकडे बघत असते.”

“काय बोलतात पप्पा?”

पोर बटणं सरळ करत म्हणाली, “काही नाही. आपल्याकडे त्यांच्याबद्दल बोलायचं नसतं ना. म्हणून तेही बोलत नसतील.”

धाकटी तशीच उठून माझ्याकडे आली. सगळं सांगितलं. मी तिला झाडलं. म्हणाले, “तुझं डोकं फिरलंय. शर्ट जाळून टाक. राख नाल्यात सोड. सुटशील.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “जाळायचं कसं सुचतं गं तुला ताई?”

“सुचतं,” मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

सहाव्या दिवशी तिने मागच्या अंगणात शर्टाला काडी लावली. पेटेना. कोरडा ठणठणीत शर्ट, रॉकेल ओतलं, तरी काडी जवळ नेली की विझायची. अर्धी पेटी संपली. शेवटी तिने शर्ट हातात घेऊन बघितला. सहावं बटण गेलं होतं. कॉलर ओली होती, आणि कोमट. आताच कोणी अंगातून काढल्यासारखी.

एकच उरलं. अगदी खालचं, सातवं.

सातव्या दिवशी मंगळवार होता. बरोबर एक महिना नाही, पण मंगळवार.

तिने सुनेला बजावलं, “आज पोरीला खाली सोडू नकोस.” सुनेने विचारलं, “का?” ती म्हणाली, “फरशी ओली आहे.” हेही अर्धंच. मागच्या खोलीला दोन कुलपं घातली. काउंटरमागे खुर्चीत ताठ बसली. झोपायचं नाही. डोळे घड्याळावर.

तीन वाजले.

तीन पाच.

रेडिओ गेला. गाड्या गेल्या. पंख्याची कुरकुर गेली.

तीन आठ… तीन नऊ…

पापणी लवली, तेवढीच.

डोळे उघडले तर दोन्ही कुलपं काउंटरवर तिच्यासमोर ठेवलेली होती. बंद. शेजारी शेजारी.

आणि मागचं दार सताड उघडं.

घर्र… घर्र… घर्र…

ती धावली. दारातच थिजली.

खोलीभर पाणी. घोट्याला लागेल एवढं. भोपळा फिरतोय, झाकण उघडं. दांडीवरचा निळा शर्ट, एकही बटण नसलेला, दोन्ही बाजूंनी उघडा होऊन हलतोय. वारा नव्हता.

भोपळ्यासमोर बटण उभी. अनवाणी. ओली. एक हात वर केलेला, भोपळ्याच्या काठाकडे. बोट आणि पत्रा यांच्यात एक वीत अंतर.

“आजी, सातवं आत पडलंय. मला दिसतंय.”

आता ऐका. धाकटीला पुढे धावता येईना. पाय उचलेनात. हात हलेना. तिची म्हणून जी एक गोष्ट होती, तीच उरली होती. जीभ.

ती म्हणाली, “बटणा, मागे हो. तिथे उंदीर आहे.”

“नाहीये.”

बोट पुढे गेलं. भोपळा जोरात फिरायला लागला.

“मागे हो, पप्पांचा फोन येणारेय वर.”

“पप्पांना फोन नाहीये. त्यांचा फोन तुझ्या कपाटात आहे. चादरींच्या खाली. मी बघितलाय.”

बोट पुढे. चार अंगुळं. भोपळ्याचा आवाज असा की भिंती थरथरल्या.

“पप्पा येतील तेव्हा काढून देतील…”

“कधी येतील?”

पोर हात तसाच ठेवून वळून बघत होती. डोळे अगदी बापाचे. धाकटी म्हणते, त्या क्षणी मला कळलं, मी आता एक जरी खोटं बोलले तर हिचं बोट टेकणार.

ती बोलली.

“येणार नाहीत.”

भोपळा थोडा मंदावला.

“तुझे पप्पा गेले, बाळा. मेले. बाहेरगावी नाही गेले. इथेच, तू उभी आहेस तिथेच पडले. या मशीनने मारलं त्यांना. हे शॉक मारतं, मला माहीत होतं. ते रोज म्हणायचे, आई, वायरमन बोलाव, कोणीतरी मरेल. त्या दिवशी सकाळीही म्हणाले. आणि मी म्हणाले…”

ती थांबली.

भोपळा पुन्हा घरघरला.

“मी म्हणाले, तू मेलास की बोलावते.”

खोलीत कोणीतरी श्वास सोडला. बटणाने नाही. धाकटीने नाही.

“आणि ते मेले, तरी मी बोलावला नाही. लोकांना कळेल म्हणून.”

भोपळा थांबला.

लगेच सगळे आवाज परत आले. रेडिओ, गाड्या, पंखा. एकदम.

बटणाने हात खाली घेतला. खाली बघितलं. पाण्यात रबरी चपलांचा जोड तिच्या पायाशी होता. तिने एकेक पाय त्यात घातला. बापाच्या चपला, तिच्या पायाला होड्यांएवढ्या. मग म्हणाली,

“मग आधी का नाही सांगितलंस? मी रोज दारात बसत होते.”

धाकटीने मागे वळून बघितलं तर दारात सून उभी होती. किती वेळची, कोण जाणे. तिने सगळं ऐकलं होतं.

सून पाण्यातून चालत दांडीपाशी गेली. शर्ट उतरवला. नाकाला लावला. बराच वेळ.

“धुतलात तुम्ही,” ती म्हणाली.

“हो.”

“मला एकदा द्यायचा होतात. मळका.”

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. धाकटी म्हणते, तिने मला चपलेने मारलं असतं तर मी तिच्या पाया पडले असते. पण ती असं हळू बोलली की माझं तोंड कायमचं खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. मीही गेले होते. गल्ली दारात जमली होती. धाकटीने कोणाला हाकललं नाही. विचारेल त्याला सांगत होती, “शॉकने गेला. माझी चूक.” आवाज बारीक, पण सांगत होती.

वायरमनने भोपळा मागून उघडला. आत डोकं घातलं. मग बाहेर काढून तिच्याकडे बघितलं.

“हे मशीन कधीपासून बंद आहे?”

“बंद कुठंय? रोज चालवते. परवा सकाळीही चालवलं.”

“कशावर?”

त्याने बॅटरी मारून दाखवलं. मी वाकून बघितलं. माझ्या डोळ्यांनी. आत मोटरकडे जाणारी वायर तोडलेली होती. दोन्ही टोकं लांब लांब केलेली. त्यावर धूळ बसली होती, जाळं धरलं होतं.

“महिना झाला असेल तोडून,” तो म्हणाला. “यात करंटच येऊ शकत नाही. पोरगं खेळलं असतं तरी काही झालं नसतं.”

तोडलेल्या टोकांना टेप नव्हती. लाल दोरा गुंडाळला होता. घट्ट, गाठ मारून. घरच्या कपड्यांना असतो तो.

भोपळ्याच्या तळाशी एक निळं बटण होतं.

धाकटी तिथेच ओल्या फरशीवर बसली. इस्त्रीकाका तिच्या शेजारी बसला. म्हणाला, “बाई, तो तुमच्याआधी काम करून गेला.” तिला आता पटकन काही सुचत नाही.

त्यानंतर तिथे काही झालं नाही. त्या घरात त्याचा फोटो लागलाय. जेवताना त्याचा विषय निघतो. बटण शाळेत सगळ्यांना सांगते, माझे पप्पा शॉक लागून गेले, तुमच्याकडे वायर तुटकी असेल तर सांगा. सून काउंटरवर बसते. सासूशी कामापुरतं बोलते, कधी त्याहून थोडं जास्त. सात बटणं तिने शर्टाला परत लावली. शर्ट धूत नाही.

आता माझं सांगते.

मी म्हणाले होते ना, मला अनुभव आहे.

माझ्या थोरल्या मुलाच्या आधी मला एक मुलगी होती. अडीच वर्षांची. मी भांडी घासत होते, शेजारणीशी बोलत होते. अंगणात पाण्याची टाकी होती. झाकण मीच काढलं होतं, बादली बुडवायला. घालायचं राहिलं.

ती तापाने गेली म्हणून मी लोकांना सांगितलं. मग ते घर सोडलं, ती वस्ती सोडली. पुढे दोन मुलगे झाले. त्यांना बहीण होती हे त्यांना माहीत नाही. आता ते आजोबा व्हायला आलेत. धाकटी तेव्हा लहान होती, तिलाही तापच सांगितलेला. त्या दिवशी अंगावर पिवळा फ्रॉक होता. तो मी माझ्या हाताने जाळला. राख नाल्यात सोडली.

गेल्या मंगळवारी धाकटीच्या लाँड्रीतून माझं गाठोडं आलं. चादरी, उशांचे अभ्रे, मुलांचे शर्ट. सोडलं. सगळ्यात खाली…

पिवळा फ्रॉक.

घडी घातलेली. डावी बाही आधी. वरचं बटण लावलेलं. कॉलरच्या आत लाल दोरा नाही. न नेलेल्या कपड्याची चिठ्ठी टाचलेली.

ओला होता.

धाकटीला फोन केला. ती म्हणाली, “ताई, मी असं काही पाठवलं नाही. एवढं लहान कोण आहे तुझ्याकडे?” मी फोन ठेवला.

मी तो गच्चीवर उन्हात घातलाय. आज सहावा दिवस. ऊन चांगलं आहे, बाकीचे कपडे तासाभरात वाळतात. तो वाळत नाही. जेवणाच्या खोलीच्या बरोबर वर ती दोरी आहे. खाली बसलं की छतातून ऐकू येतं… टप… टप… मुलगे म्हणतात, आई, वरची टाकी गळतेय का.

रोज संध्याकाळी दोघे समोर बसतात. जेवतात. आज सांगायचं असं मी ठरवते. तोंड उघडते.

आणि मीठ मागते.